अपेक्षा नेमक्या कुणी सोडायच्या?

गेल्या फेब्रुवारीत हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात एकाच आठवड्यात दोन मेल आले. पहिला, यंदा पगारवाढ होणार नाही. दुसरा, गुरुवारी दुपारी चार वाजता माइंडफुलनेसचं सेशन आहे, उपस्थिती ऐच्छिक. आयटीत 'ऐच्छिक'चा अर्थ ज्यांना कळतो ते सगळे चारला पाच कमी असताना कॉन्फरन्स रूममध्ये हजर होते. मीही होतो.

वक्ते चांगले होते, हे आधी सांगतो. आवाज मऊ, बोलणं नीटनेटकं. त्यांनी पितळी वाटी वाजवली, आम्हाला श्वासाकडे बघायला लावलं आणि मग तीन गोष्टी सांगितल्या. दुःख अपेक्षांमधून येतं, म्हणून अपेक्षा सोडा. जगात सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे, म्हणून कुणावर राग धरू नका. आणि आशा बाहेर शोधू नका, ती तुमच्या आत आहे. मागच्या स्लाइडवर डोळे मिटलेला बुद्ध होता. पगारवाढ न देणारी कंपनी स्वतःच्या खर्चाने आम्हाला अपेक्षा सोडायला शिकवतेय, यातला विनोद खोलीतल्या चाळीस जणांना कळला होता. हसलं मात्र कुणी नाही.

संध्याकाळी घरी आलो तर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ४७ मेसेज. सांडपाण्याची टाकी तुंबली होती, खालच्या मजल्यांच्या बाथरूममध्ये पाणी उलटं येत होतं. दोन कोटेशन आली होती. सक्शन मशीनची गाडी आणि प्रशिक्षित माणसं हवी असतील तर अठरा हजार. नेहमीचा कंत्राटदार दोन माणसं पाठवून 'आत उतरून साफ करून देतो' म्हणत होता, साडेचार हजारांत. रविवारी सकाळी उरकून टाकू, असं सेक्रेटरींनी लिहिलं होतं आणि खाली एकतीस अंगठे होते. त्याच ग्रुपवर त्याच दिवशी सकाळी कुणीतरी बुद्धाच्या चित्रासकट शांततेचं गुड मॉर्निंग टाकलं होतं.

हा लेख त्या दोन बुद्धांच्या मध्ये सापडलेल्या माणसाचा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: अपेक्षा सोडा, आशा ठेवा, सगळं जोडलेलं आहे, ही तिन्ही वाक्यं खरी आहेत. पण आपल्याला ती ज्या क्रमाने आणि ज्या सोयीने विकली जातात त्यात त्यांचा अर्थ नेमका उलटा होतो. आणि या उलट्या अर्थाचे गिऱ्हाईक आपणच आहोत, शिकलेले, पंचविशी-तिशीतले, ईएमआय भरणारे.

सवड कुठं होती?

मी देहूरोडचा. पणजोबा तिथल्या लष्करी डेपोत मजूर होते. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली तेव्हा माझे आजोबा बारा वर्षांचे होते आणि त्या गर्दीत होते. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी झाली, १४ ऑक्टोबर १९५६ ला. म्हणजे आमच्या वस्तीत बुद्ध आधी आला, बौद्ध आम्ही नंतर झालो.

दीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ छापून आला तो १९५७ मध्ये. त्यांनी तो हातात घेऊन पाहिलाच नाही. मी कॉलेजात असताना आजोबांना एकदा विचारलं होतं, "एवढं सगळं सुरू करून माणूस दोन महिन्यांत गेला. तुम्हाला निराश नाही वाटलं?" आजोबा म्हणाले, "रडलो की. पण निराश व्हायला सवड कुठं होती? विहाराची फरशी घालायची राहिली होती."

मला तेव्हा ते उत्तर साधं वाटलं होतं. आता वाटतं की आशेबद्दल यापेक्षा नेमकं मला कुणी काही सांगितलेलं नाही. आजोबांच्या लेखी आशा म्हणजे उद्या चांगलं होईल हा अंदाज नव्हता. फरशी घालायची राहिली आहे, ती घालायची आहे, एवढंच. अंदाज चुकला की माणूस खचतो. फरशी मात्र अर्धी राहिलेली असली तर ती रोज दिसते आणि पायाला लागते.

आशा नाकारणारा बुद्ध बाबासाहेबांनाही नको होता

कॉन्फरन्स रूममधल्या वक्त्यांना वाटत असेल की बुद्ध म्हणजे 'दुःख आहे, ते स्वीकारा'. हा समज आजचा नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच या समजाशी भांडण काढलंय. तिथे ते चार प्रश्न मांडतात. सिद्धार्थाने घर का सोडलं? चार आर्यसत्यं खरोखर बुद्धाची मूळ शिकवण आहे का? कर्म आणि पुनर्जन्माचं काय करायचं? आणि भिक्खू म्हणजे स्वतःपुरता पूर्ण झालेला माणूस, की समाजसेवक?

दुसऱ्या प्रश्नाशी थांबा. बाबासाहेबांचा आक्षेप असा की जगणंच दुःख, मरणं दुःख, पुन्हा जन्मणंही दुःख असेल, तर धर्माने माणसाला द्यायचं काय? अशी मांडणी माणसाची आशाच काढून घेते आणि बुद्धाला निराशेचा प्रचारक बनवते. एका धर्माची दीक्षा घ्यायला निघालेला माणूस त्याच धर्माच्या पायाभूत मानल्या गेलेल्या शिकवणीला विचारतो, की यात माझ्या लोकांसाठी आशा आहे का? त्यांच्या बाजूने बघा. ज्या लोकांना शतकानुशतकं सांगण्यात आलं होतं की तुमचं दुःख तुमच्या मागच्या जन्माच्या कर्माचं आहे, मुकाट्याने भोगा, त्यांना पुन्हा एकदा 'दुःख आहेच, मुकाट्याने बसा' असं सांगायला ते निघालेच नव्हते.

पहिल्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर तर मला नेहमी आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं वाटतं. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही आपण शाळेत वाचलेली गोष्ट बाबासाहेब मान्य करत नाहीत. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर आजारी माणूस पाहिला नव्हता, हे पटण्यासारखं आहे का? त्यांच्या मांडणीत भांडण पाण्याचं आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यामध्ये रोहिणी नदी. तिच्या पाण्यावरून दोन्हीकडच्या नोकरांमध्ये मारामारी होते, शाक्यांचा संघ युद्ध पुकारायला निघतो, सिद्धार्थ विरोध करतो. मतदान होतं. सिद्धार्थ हरतो. आणि बहुमतापुढे मान तुकवून लढाईला जाण्याऐवजी तो घर सोडणं पत्करतो.

म्हणजे बाबासाहेबांचा बुद्ध मनःशांतीच्या शोधात बाहेर पडत नाही. पाण्याच्या वाटपाबद्दलचा ठराव हरल्यामुळे तो बाहेर पडतो. ज्या माणसाने महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याला बुद्धाच्या घर सोडण्यामागे पाणी दिसावं, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

सर्व्हरकडून अपेक्षा सोडा

आता 'सगळं जोडलेलं आहे' याकडे येऊ. याला बौद्ध परंपरेत शब्द आहे प्रतीत्यसमुत्पाद. उच्चारायला अवघड, समजायला सोपा. कुठलीही गोष्ट आपोआप घडत नाही, ती कारणांवर उभी असते, आणि कारण काढून घेतलं की तीही उभी राहत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर हेच करतो. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर मॅनेजर फोन करून 'सर्व्हरकडून अपेक्षा सोडा' असं म्हणत नाही. तो विचारतो, का पडला? मग त्या 'का'चा का. मग त्याचाही का. सकाळपर्यंत आम्ही मूळ कारणापर्यंत पोचतो आणि कागदावर लिहून देतो. ग्राहकाच्या सर्व्हरच्या दुःखाला कारणं असतात. माणसाच्या दुःखाची पाळी आली की मात्र आपल्याला एकदम वाटी वाजवावीशी वाटते.

आमच्या टाकीचं हेच करून बघू. माणूस मैल्याच्या टाकीत का उतरणार आहे? मशीन मागवलं नाही म्हणून. का मागवलं नाही? साडेतेरा हजार जास्त लागतात म्हणून. सोसायटीत फ्लॅट १०८. भागून बघा. घरटी १२५ रुपये. बाणेरच्या कुठल्याही कॅफेत एवढ्यात कॉफी येत नाही. मग १२५ रुपयांसाठी माणूस खाली पाठवावा असं एकतीस जणांना का वाटलं? कारण खाली जाणारी माणसं कायम कुठल्यातरी ठरावीक जातींतली असतात, आणि त्यांचं खाली जाणं आपल्या डोळ्यांना खुपत नाही. टाकीतला वायू दिसत नाही. ही सवयही दिसत नाही. दोन्हींनी माणूस मरतो.

हे मी वाढवून सांगत नाही. वाघोलीत ऑक्टोबर २०२२ मध्ये एका गृहसंकुलाच्या मैल्याच्या टाकीत कामगार गुदमरून मेले. आपल्याच पुण्यात, आपल्यासारख्याच सोसायटीत. २०१३ चा कायदा सांगतो की संरक्षणाची साधनं न देता गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. कायदा आहे, निकाल आहे आणि माणसं तरीही उतरतात. आपण त्यांना उतरवतो.

'एंगेज्ड बुद्धिझम' हा शब्द ज्यांनी रूढ केला ते व्हिएतनामी भिक्खू तिक न्यात हान्ह. युद्ध सुरू असताना विहारात ध्यान करत बसायचं की बॉम्ब पडलेल्या गावात जायचं, या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, दोन्ही. त्यांनी तरुणांची पथकं उभी केली. ती पथकं उद्ध्वस्त गावं पुन्हा बांधायची, पुन्हा बॉम्ब पडायचे, ती पुन्हा बांधायची. १९६६ मध्ये ते शांततेसाठी बोलायला देशाबाहेर गेले आणि त्यांना परतू दिलं गेलं नाही. मायदेशी पाऊल ठेवायला २००५ साल उजाडलं.

याच न्यात हान्ह यांचं एक उदाहरण इन्स्टाग्रामवर फार फिरतं: कागदात ढग बघा. ढग नाही तर पाऊस नाही, पाऊस नाही तर झाड नाही, झाड नाही तर कागद नाही. सुंदर आहे. पण पुण्यात राहणाऱ्या माणसाने तिथे थांबू नये. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या, बहुतेक दलित, बहुतेक बायका एकत्र आल्या आणि म्हणाल्या की आम्ही भिकारी नाही, चोर नाही, कामगार आहोत, आम्हाला ओळखपत्र द्या. याच पंचायतीतून पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तुमच्या दारातला कचरा ज्या ताई सकाळी नेतात त्या कदाचित तिच्याच सभासद असतील. तेव्हा कागदात ढग जरूर बघा, पण तो कागद तुम्ही टाकल्यावर कुणाच्या हातात जातो, तेही बघा. ढगाला ओळखपत्र लागत नाही. त्या ताईंना लागतं.

सेशनमधल्या वाक्यावर माझा आक्षेप हाच आहे. 'सगळं जोडलेलं आहे, म्हणून राग धरू नका' यातलं 'म्हणून' चुकीचं आहे. सगळं जोडलेलं आहे म्हणून हिशेब मागा. माझ्या बाथरूमच्या जाळीतून जे खाली जातं ते कुणाच्यातरी नाकातोंडापर्यंत पोचतं, हे जोडलेलं असणं आहे. ते कळल्यावर छान वाटायला नको. थोडं अस्वस्थच वाटायला हवं.

बुद्धाच्या संघात सुनीत नावाचा एक सफाई करणारा आला होता. बाबासाहेबांनी ती कथा आपल्या ग्रंथात आवर्जून घेतली आहे. बुद्ध त्याला रस्त्यात भेटतो. पुढे काय होतं? 'झाडू सजगपणे मार, प्रत्येक फटकाऱ्याकडे लक्ष दे' असं बुद्ध त्याला सांगत नाही. तो त्याला संघात घेतो. झाडू तिथेच राहतो.

मग अपेक्षा सोडायच्याच नाहीत का?

इथे कुणी म्हणेल, तू नुसताच चिडलेला आहेस. बुद्धाने तृष्णा सोडायला सांगितलं हे तर खरंच आहे ना? गीतेतला तो सगळ्यांना पाठ असलेला श्लोकही फळाबद्दल तेच सांगतो.

खरं आहे. अपेक्षा सोडायच्याच आहेत. प्रश्न एवढाच की कुठल्या.

पुण्याचंच उदाहरण घ्या. १३ ऑक्टोबर १९२९ ला पर्वतीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही त्यातली पुढची माणसं. एस. एम. जोशींसारखे तरुणही त्यात होते. सत्याग्रहींनी दगड खाल्ले. देऊळ उघडलं नाही. पुढच्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, काही वर्षं चालला. तेही उघडलं नाही. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पाणी प्यायले, आणि त्या पाण्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला १७ मार्च १९३७ ला. तीन दिवस कमी दहा वर्षं. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशा अर्थाची घोषणा झाली, आणि दीक्षा झाली २१ वर्षांनी.

या माणसांनी काय सोडलं होतं? उद्या दार उघडेल ही अपेक्षा सोडली होती. समोरचा माणूस आपल्याला बघून विरघळेल, ही सोडली होती. आपल्या हयातीत फळ दिसेल, आपलं नाव होईल, ज्यांच्यासाठी करतोय ते आभार मानतील, हेही सोडलं असणार. देवळाचं दार उघडत नाही म्हटल्यावर बाबासाहेबांनी तर देऊळच सोडलं. पण 'आम्ही माणूस आहोत, तसं वागवा' ही मागणी? तिच्यातला एक शब्दही कमी केला नाही.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर डेडलाइन सोडा, रिक्वायरमेंट सोडू नका. कॉन्फरन्स रूममधला बुद्ध आपल्याला रिक्वायरमेंटच सोडायला सांगतो. आणि तो सल्ला कुणाला दिला जातो तेही बघा. नफ्याची अपेक्षा सोडा, असं शेअरहोल्डरांच्या सभेत कुणी वाटी वाजवून सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. साडेचार हजारांत टाकी साफ व्हावी ही अपेक्षा सोडा, असं सोसायटीला कुणी सांगत नाही. अपेक्षा सोडण्याचा उपदेश नेहमी ज्याला आधीच कमी मिळालंय त्याच्याकडेच का वळतो? हा प्रश्न विचारला की तो उपदेश धम्माचा आहे की व्यवस्थापनाचा, ते लगेच कळतं.

आता आपल्या माणसांविषयी

हे सगळं मी फक्त कंपन्यांवर आणि वाटीवाल्यांवर ढकललं तर ते सोपं होईल. आमच्याकडे बघू.

१८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलची आपली खंत बोलून दाखवली. शिकून समाजाच्या कामी येतील असं वाटलेली माणसं स्वतःचंच पोट भरण्यात गुंतली, असा त्याचा आशय. दर १४ एप्रिलला ती गोष्ट आम्ही स्टेटसला ठेवतो. मग डीजे लावतो. दहा दिवसांच्या शिबिराला जातो, हलकं होऊन परत येतो, आणि सोमवारी तीच रजा, तीच गाडी, तोच हप्ता. शिबिराला माझा विरोध नाही. मी स्वतः रोज सकाळी वीस मिनिटं बसतो, त्याशिवाय माझा दिवस धड जात नाही. पण बसून उठल्यावर काय, हा बाबासाहेबांचा चौथा प्रश्न आहे. स्वतःपुरता पूर्ण, की समाजाच्या कामाचा?

आणि त्या गुरुवारी मी काय केलं? ग्रुपवर मेसेज टाइप केला. खोडला. पुन्हा टाइप केला. पुन्हा खोडला. कारण सांगतो. आमच्या सोसायटीत माझं आडनाव ऐकून पहिल्या आठवड्यात दोघांनी 'म्हणजे गाव कुठलं?' असं विचारलं होतं. या माणसाला हाच विषय का सुचला, हे लोक दोन सेकंदांत हुडकून काढतील, अशी भीती मला वाटली. १०८ घरांमध्ये चार वर्षं मी निव्वळ 'सी विंगमधला सॉफ्टवेअरवाला' म्हणून राहिलो होतो आणि मला तेच राहायचं होतं. शुक्रवार गेला. शनिवारची दुपार गेली. वीस मिनिटं बसलो तर श्वासाऐवजी टाकीच दिसायला लागली.

शनिवारी रात्री नऊला कमिटीची बैठक होती, तिथे गेलो. बोललो. आवाज कापत होता. वाघोलीचं सांगितलं, १२५ रुपयांचं सांगितलं. एक काका म्हणाले, "अहो, ते लोक वर्षानुवर्षं करतात, त्यांना सवय असते." हात वर झाले. मी हरलो. मग मी कायद्याचं प्रिंटआउट टेबलावर ठेवलं आणि सेक्रेटरींना विचारलं, गुन्हा दाखल झाला तर नाव कुणाचं लागेल? ठराव पाच मिनिटांत बदलला. मशीन मागवायचं ठरलं.

त्यांचं मन बदललं नव्हतं, फक्त कैदेची भीती वाटली होती. मला ते लागलं. मला हवं होतं की त्यांना वाटावं, त्यांना कळावं. नंतर लक्षात आलं की सोडायची अपेक्षा ती हीच. ज्या माणसाने दीक्षा दिली त्यानेच घटनाही लिहायला घेतली होती. मन बदलण्याची वाट बघत बसायचं नाही, आणि मन बदलायचं कामही सोडायचं नाही. दोन्ही.

गोष्ट इथे संपली असती तर मी हिरो झालो असतो. पण रविवारी सकाळी सातला ती दोन माणसं बाइकवरून आली. कंत्राटदाराने त्यांना काम रद्द झाल्याचं कळवलंच नव्हतं. एक पंचेचाळिशीचे, लातूरकडचे. दुसरा त्यांचा भाचा, माझ्याहून लहान. मी त्यांना सांगितलं की आज मशीन येणार आहे, तुम्हाला उतरायची गरज नाही. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "मग आमची हजेरी?"

प्रत्येकाचे आठशे होते. मी दिले. त्यांनी घेतले, मोजले, आणि म्हणाले, "साहेब, आजचे तुम्ही दिले. उद्या सगळ्यांनीच मशीन मागवलं, तर आम्ही काय करायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळं जोडलेलं आहे, हे मी तीन दिवस घोकत होतो. माझ्या विजयाला त्यांची मजुरी जोडलेली आहे, हे मात्र मी पाहिलंच नव्हतं. कायद्यात पुनर्वसन आहे. २०२३ पासून केंद्राची 'नमस्ते' नावाची योजना आहे, तिच्यात गटारं आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांची नोंदणी, सुरक्षेचं किट, आरोग्य विमा, मशीन घ्यायला अनुदान, असं सगळं आहे. माणूस खाली उतरण्याऐवजी मशीन चालवेल, ही कल्पना. त्यांनी तिचं नावही ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या सकाळी पायऱ्यांवर बसून मोबाइलवर शोधेपर्यंत मीही ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून मी त्यांच्या नोंदणीच्या मागे आहे. तीन वेळा रजा काढून कार्यालयात गेलो. एकदा साहेब जागेवर नव्हते. एकदा कागद अपुरे निघाले, काम करतो याचा पुरावा हवा होता. टाकीत उतरल्याची पावती कोण देतं? तिसऱ्यांदा फॉर्म घेतला गेला, पोच मिळाली. भाचा दरम्यान वाकडला एका गोदामात लागला. काका अजून टाक्याच साफ करतात. हे लिहिताना मला हे टाळता आलं असतं, पण टाळलं तर हा लेखही वाटीसारखाच वाजेल.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता.

"काय झालं आपल्या फॉर्मचं?"

"पेंडिंग आहे, काका."

"मग?"

"सोमवारी परत जातोय."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी येऊ का बरोबर? दोघं असलो की जरा बरं ऐकतात."

मी म्हणालो, या. दहा वाजता, गेटपाशी.